लाइटचं मासिक

अप्पा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी कमलाकर नेहमीसारखे दारात उभे होते. हातात ते इंग्रजी मासिक, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब.

“पुन्हा आमच्याकडेच आलं,” ते म्हणाले.

“येणारच. तुम्ही लाइटवाले,” मी म्हटलं.

मासिक प्रकाशाच्या विखुरण्यावरचं. परदेशातून आगबोटीने येई, आणि साऱ्या महाडात ते वाचणारे एकटे अप्पा, माझे वडील, हायस्कुलातले निवृत्त विज्ञानशिक्षक. पहिला अंक आला तेव्हा पोस्टमन गोमाजीने वेष्टनावरचा ‘लाइट’ एवढाच शब्द वाचला आणि अंक नव्या लाइट ऑफिसात, वीज कचेरीत, नेऊन टाकला. तो परत द्यायला आले तिथले ओव्हरसिअर, कमलाकर. मी दार उघडलं... आणि ते कशाला आलो तेच विसरले.

“यात खांबांबद्दल काहीच नाही,” एवढंच म्हणाले. मला हसू आवरेना. “नीती, कोण आलंय?” आतून अप्पांनी विचारलं.

पुढे दर अंक असाच चुकत राहिला. माझ्या चहात आलं पडू लागलं. अप्पा तोंड वाकडं करत तो पीत.

त्या संध्याकाळी कमलाकरांनी विचारलं, “सर, यात असतं तरी काय?”

“प्रकाश कशावर तरी पडून विखुरतो. त्यातला अगदी थोडा रंग बदलून येतो. त्यावरून कळतं, वाटेत काय भेटलं.”

“माणसांचं कळतं तसं?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “न कळायला काय झालं? कान बघायचे.”

मी कपबश्या उचलून आत पळाले.

पहाटे अप्पा झोपेतच गेले.

कमलाकरांनी खांदा दिला, दिवसांनाही आले. मग येईनासे झाले. यायला आता निमित्त कुठलं? त्यांची पोलादपूरला बदली झाल्याचंही कानावर आलं.

आणि एका दुपारी गोमाजी अंक घेऊन थेट आमच्या दारात.

“आज इकडं कसा, गोमाजी?”

“आता तिकडं कोणासाठी टाकू, ताई? मी चुकलो एकदाच. पुढच्या येळी हितं आणला, तर मास्तर म्हणले, ‘तिकडंच टाक रे. तो आणून देतोय, आमची नीती हसतेय. तुझं काय जातंय?’”

गोमाजी गेल्यावर मी तो अंक उराशी धरून रडले. रडता रडता हसू आलं. मग छत्री घेतली.

लाइट ऑफिसात कमलाकर वळकटी बांधत होते.

“हा आज चुकून आमच्याकडे आला,” मी अंक पुढे केला.

“पण हा तर तुमचाच—”

“अप्पा मुद्दाम इकडे पाठवत होते. गोमाजीला सांगून.”

त्यांच्या हातातला दोर सुटला. वळकटी हळूहळू उलगडत गेली. दोघांपैकी कोणीच ती उचलली नाही.

“तुमचे कान लाल झालेत,” ते हळूच म्हणाले.

“होऊ देत,” मी म्हटलं. “अप्पांना आलं चालत नव्हतं. मी ते तुमच्यासाठी घालायची. पोलादपूर काही लांब नाही... मासिक नसलं तरी येत जा. तुम्ही मला आवडता, कमलाकर.”