उर्वशीचं गाव

चामोर्शीहून मोहर्लीला निघाले तेव्हा पिशवीत वडाभाताचा डबा होता आणि मनात एवढीच काळजी, की तो एसटीत सांडू नये. आता आमच्या पोरांचं कॉलेज सुरू व्हायची वेळ आली, तरी आमचं कॉलेजचं टोळकं उन्हाळ्यात एकदा भेटतंच. या वर्षी भेट प्रफुलकडे होती. तो पर्यटकांना राहायला खोल्या देतो. वाघ दिसला नाही की लोक वाघाला सोडून त्यालाच शिव्या घालतात.

बिरजू एटापल्लीहून आला होता, रिना चंद्रपूरहून. फक्त उर्वशी यायची होती. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोडसर, जड वास डोक्यात चढत होता. संध्याकाळची सफारीची शेवटची जिप्सी अभयारण्याच्या गेटातून परतली, धूळ खाली बसली, आणि मग जंगलाकडून काहीच ऐकू येईना. पाखरूसुद्धा नाही.

"फोन करून पाह्य ना तिले," मी म्हटलं.

"माह्याजवळ तिचा नंबर नाई," प्रफुल म्हणाला. "तुयाजवळ असन."

माझ्याजवळही नव्हता. रिनाजवळ नव्हता. मग गंमत म्हणून चौकशी सुरू झाली. वसतिगृहात उर्वशी कोणाच्या खोलीत होती? रिनाला वाटायचं माझ्या, मला वाटायचं रिनाच्या. तिच्या घरी कधी कोण गेलं? कोणीच नाही. तीच येते. लग्नाला, बारशाला, मयतीला, न बोलावता येते. माझा नवरा गेला तेव्हा बाकीचे तेरवीला तोंड दाखवून गेले. उर्वशी महिनाभर माझ्याजवळ झोपली. मला लेकरासारखा घास भरवला तिनं. मी आज उभी आहे ती तिच्यामुळे, हे मी कोणापुढेही सांगेन.

आमचं हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

बिरजू मात्र आधीपासूनच हसत नव्हता. तो माडिया आदिवासी, जंगलातल्या आतल्या गावचा. "कॉलेजच्या शिबिरात सरांनं आपल्याले रानात उभं करून मोजलं होतं, आठवते?" तो हळू आवाजात म्हणाला. "माही आजी म्हने, रानात मानसं मोजू नाई. मोजलं का रान आपलं एक मानूस त्याच्यात घालते. त्या दिवशी एक जास्त भरलं होतं... सर म्हनले, माहीच मोजनी चुकली असन."

"मंग?" रिनानं विचारलं.

"रानातल्या त्या मानसाचा ज्याच्यावर जीव हाये, त्यानं त्याले गाव इचारायचं. मंग ते निघून जाते, म्हने आजी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इचारून टाक, नीलिमा," प्रफुल म्हणाला. "माह्या घरात लहान लेकरं हायेत."

त्याचं चुकत नव्हतं. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण ती उर्वशीची नव्हती. उर्वशीच गेली तर मला कोण उरलं, याची होती.

बोलाफुलाला गाठ पडली. फाटक वाजलं.

उर्वशी आत आली. पदरात नेहमीसारखी चारं, चारोळीची रानफळं, बांधलेली. एवढ्या उकाड्यातून आली, पण अंगावर घामाचा थेंब नव्हता. "उशीर झाला बाई," म्हणत ती माझ्याच शेजारी टेकली, तसा ओल्या पाल्याचा वास आला. ऐन उन्हाळ्यात... ओला पाला.

बिरजूनं माझ्याकडे बघून 'इचार' अशी मान हलवली.

"उर्वशी..."

"काय वं?"

तिनं माझा हात हातात घेतला. त्या महिन्यात मी दचकून उठले की घ्यायची, अगदी तसाच. मला नाही जमलं. रान असो, भूत असो, काय असेल ते असो, हा हात मला सोडवेना.

"जेवली का तू?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं मोठा सुस्कारा सोडला.

"बरं झालं वं," ती पुटपुटली. "मले वाटलं, तू बी गाव इचारते का काय. गाव इचारलं का मले दाखवा लागते... मागं आपल्या अंकुशनं इचारलं. त्याले न्या लागलं."

"कोन अंकुश?" प्रफुलनं विचारलं.

आम्ही एकमेकांची तोंडं पाहू लागलो. आमच्यात अंकुश नावाचं कोणी नव्हतं. बिरजूला आठवेना, मलाही आठवेना.

रिनाच्या हातातला पेला खाली पडला. तिनं लग्न केलं नाही, कधी कोणाचं नावही काढलं नाही. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नीलिमा," ती घाबरून म्हणाली, "मी काऊन रडून राह्यली वं?"