नळीतली चढण

मेंदूत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक किती द्यायचं, यावरून आमच्या अतिदक्षता विभागात बरीच वर्षं वाद होता. काही डॉक्टर नळी निघेपर्यंत देत राहायचे. शेवटी मी आणि आमच्या सर्जनबाईंनी नियम घालून दिला: नळी घालायच्या आधी एक डोस, बास. रोज देत राहिलं की साधे जंतू मरतात आणि कशालाच दाद न देणारे मागे उरतात. नियम चांगला होता. अजूनही चांगलाच आहे.

मग माझी आत्याच तिथे दाखल झाली.

मेंदूत रक्तस्राव होऊन डोक्यात पाणी तुंबलं होतं. सर्जनबाईंनी नियमाप्रमाणे डोस देऊन नळी घातली. कपाळाच्या वरून निघालेली ती नळी कानामागून जाऊन उशीशेजारच्या खांबावरून खाली पिशवीत उतरायची. पाणी आधी लालसर आलं, मग पिवळसर, मग स्वच्छ.

आत्या शुद्धीवर आली ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच. जन्मभर तिने बस आगारात कंट्रोलरचं काम केलेलं, ड्रायव्हरांवर ओरडून आवाज फाटलेला. नर्सला म्हणाली, "ही उशी आहे की विटांची पिशवी?" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची ताई परत आली होती.

एका सकाळी मी ड्रेसिंग बघत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पोरी, या नळीतून कुणीतरी वर येतंय."

"वर काही येत नाही गं. पाणी खाली जातं."

"पाणी जातंय की. तो येतोय." तिने नळीवर बोट टेकवलं, पिशवीपासून थोडंसंच वर. "इथवर आलाय."

अशा आजारात माणसं भ्रमिष्टासारखी बोलतात. तरीही मी पाणी तपासायला पाठवलं. जंतू नाहीत, पेशी नाहीत. तापही नव्हता.

पण तिचं बोट रोज वर सरकत होतं. खांबाच्या कडीपाशी पोचलं, तेव्हा तिने थट्टा करणं सोडून दिलं.

बाबा मला जिन्यात गाठून म्हणाले, "औषध दे तिला. नियम तूच केलास ना? मग तुलाच मोडता येईल."

"बाबा, तिला संसर्ग नाहीये. उगाच औषध दिलं तर उद्या खरी गरज पडल्यावर ते चालणार नाही."

"ती घाबरलीय गं. ताई कधी कुणाला घाबरलीय का?"

मी परत आत गेले. आत्याला डुलकी लागली होती. मी नळी दोन बोटांत धरली. आतलं पाणी नाडीबरोबर किंचित हलतं, ते बोटांना जाणवतं. जाणवलं. पण त्याखाली आणखी एक ठोका होता. संथ. मॉनिटरवरच्या नाडीशी तो जुळत नव्हता.

आणि तो पिशवीच्या बाजूने येत होता.

मी अँटिबायोटिक लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "थांबलाय." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

सर्जनबाई राउंडला आल्या. "हे का चालू आहे?" त्यांनी विचारलं. मी बोटांना काय जाणवलं ते सांगितलं नाही. सांगणार तरी काय? "घरचं माणूस आहे, कळतं मला," त्या समजुतीने म्हणाल्या, "पण शेजारच्या कॉटवरच्या माणसाला कुठलंच औषध लागू पडत नाहीये, तो अशाच उगाच दिलेल्या डोसांनी. बंद कर."

त्यांचं बरोबर होतं. मी बंद केलं.

संध्याकाळी आत्याने माझा हात घट्ट पकडला. "निघाला गं परत."

"उद्या नळी काढतोय, आत्या. उद्यापर्यंतच."

तिने बोट उचलून आपल्या कानामागे टेकवलं.

सकाळी नळी निघाली. एक टाका पडला. शेवटचा नमुनाही स्वच्छ आला. स्कॅन उत्तम होता. सर्जनबाईंनी माझी पाठ थोपटली.

दुपारी तिला साध्या वॉर्डात हलवलं. खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं. आत्या शांत बसली होती, आपले तळहात उलटेपालटे करून बघत. बाबा तिला चमच्याने सूप भरवत होते. तिने सुपाला नावं ठेवली नाहीत.

"ताई, आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय." आवाज तिचाच, तसाच फाटका. "फार चढण होती. दमलो."

बाबा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. "अगं, दमलो काय? दमले म्हण, दमले!"

तिने त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं.

"दमले," ती म्हणाली. मग नवा शब्द जिभेवर घोळवून पाहावा तसं, सावकाश, पुन्हा एकदा, "दमले."