सासीची जीभ

पाच घरांसाठी एक टेकडी हवी होती. फार मोठी नको, पण पाठ कडक आणि पोट मऊ असलेली. ती शोधायला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तीन माणसं आणि दोन खेचरं वाळवंटाच्या कडेला असलेल्या दाहारच्या डोंगरात शिरली.

पुढे हेनिया होती. वय बावन्न, पण पाय अजून शेळीचे. किनाऱ्यावरच्या कारखान्याच्या गावात तिने तीस वर्षं काढली होती आणि त्या गावच्या धुराने तिच्या शेंडेफळाची, तिब्राची, छाती पोखरली होती. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, "हिवाळ्याआधी पोरीला कोरड्या हवेत न्या. इथे राहिलात तर पुढच्या हिवाळ्याचं मला विचारू नका." तशीच खोकणारी आणखी चार घरं होती. त्यांना विजेची तार नको होती, नळ नको होता. पणजे-खापरपणजे राहत तसं जमिनीच्या पोटात घर खोदायचं, वर सौरऊर्जेची तावदानं लावायची, पावसाचं पाणी टाक्यात धरायचं. सगळ्यांनी हेनियाला सांगितलं होतं, "तू हो म्हणालीस की आम्ही बोचकी बांधतो."

तसल्या घरात ज्याने एक उन्हाळा काढला आहे, त्याला ते सुख समजावून सांगावं लागत नाही. बाहेर दगड तडकायचे आणि आत मागावर बसलेल्या आईच्या पायाशी लोळलं की पाठीला गारवा लागायचा. खोल चौकोनी अंगणातून आभाळ एखाद्या निळ्या घोंगडीएवढं दिसायचं, आणि त्यात एक घार आली की पोरं तिला एखादं नाव द्यायची. हेनिया सात वर्षांची होईपर्यंत अशा घरात वाढली. मग एका पावसात ते घर बसलं. आत आई होती, पाळण्यात भाऊ होता. लोक म्हणाले, देवाची मर्जी. हेनियानेही पंचेचाळीस वर्षं तेच म्हटलं.

ते घर खोदणारा सासी आता शहात्तर वर्षांचा होता, आणि त्या भागातला शेवटचा खोदणारा होता. टेकडी पारखायच्या त्याच्या तीन कसोट्या होत्या. कुदळीच्या दांड्याने ठोकून कानाने ऐकायचं, वरचा थर जाड आहे ना? नखाने खरवडायचं, खालची माती सुटते ना? आणि शेवटी चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. खारट लागली तर खेचरावर बसून पुढे जायचं. खारी माती कोरडी असेपर्यंत गोड मातीसारखीच उभी राहते आणि पाण्यात साखरेसारखी विरघळते.

तिसरा गडी हेनियाचा दीर बेलगासेम. तो वायरमन होता. मोजपट्टी गळ्यात आणि तोंड कायम चालू.

"काका, मलाही चाखू द्या की," पहिल्याच टेकडीवर तो म्हणाला आणि मातीला हात घातला.

फाट्कन सासीने त्याच्या मनगटावर दांडा हाणला!

"खोदणाऱ्यासमोर दुसऱ्याने माती चाखायची नसते. माझ्या तोंडावर मला खोटारडा म्हण, ते परवडलं!"

"अहो, गंमत केली."

"गंमत तुझ्या तारांशी कर. झटका बसेल तेव्हा कळेल."

हेनियाने दिराला डोळ्यांनी दटावलं. रीत होती ती. तिच्या बापानेही चाखली नव्हती.

पहिला दिवस वाया गेला. एका टेकडीचा वरचा थर पातळ, दुसरीच्या पोटात नुसते गोटे. दुपारी एका घळीत खेचर घसरलं, सामान आपटलं आणि मिठाची पिशवी फुटून जवाच्या पिठात रिकामी झाली. दुसरं पीठ नव्हतं. हेनियाने त्याचीच भाकरी भाजली. बेलगासेमने पहिला घास थुंकला.

"वहिनी, समुद्र मळलात की काय!"

हेनियालाही तो घास गिळवेना. सासीने मात्र दोन भाकऱ्या संपवल्या, बोटं चाटली आणि म्हणाला, "झकास झाली आहे. तुमच्या शहरी जिभा नाजूक."

"काकांची जीभ चामड्याची आहे," बेलगासेम म्हणाला आणि तिघंही हसली.

दुसऱ्या दिवशी हसू पुरलं नाही. सकाळीच दक्षिणेकडून वारा सुटला. वाळू दातांत, डोळ्यांत, नाकात. पुढचं दिसेना. खडकाच्या पट्टीवरून जाताना थोरल्या खेचराचा पाय दोन दगडांत अडकला. ते ओरडलं, उसळलं आणि हाड मोडल्याचा आवाज वाऱ्यातूनही ऐकू आला! पाण्याच्या दोन पखाली त्याच्याच पाठीवर होत्या. एक दगडावर फुटली. बेलगासेम धावला तोवर जमिनीने पाणी पिऊन टाकलं होतं.

खेचर मान उचलून हेनियाकडे बघत होतं. सासी गुडघ्यावर बसला, त्याच्या डोळ्यांवर आपला फेटा टाकला आणि सुरी चालवली. मग सुरी वाळूत पुसून म्हणाला, "उरलेली पखाल सोडव. ऊठ, पोरी. रडायला पाणी लागतं, ते आपल्याकडे नाही."

संध्याकाळपर्यंत वारा थांबला नाही. ओठ फुटले होते. एकेका घोटासाठी बेलगासेम पखालीकडे बघे आणि हेनिया मान हलवून नाही म्हणे. परत फिरावं का? तिला तिब्राची श्वास ओढतानाची मान दिसली. ती चालत राहिली.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडी दिसली!

बघतच राहावं अशी. वर दगडाचा थर एखाद्या डेऱ्यावरच्या झाकणासारखा, सलग. खाली पिवळी माती. मागे लांब उतार, म्हणजे पावसाचा थेंब न् थेंब आपोआप टाक्यात यायचा. सासीने दांडा ठोकला, कान लावला, पुन्हा ठोकला. त्याचा चेहरा उजळला. नखाने माती खरवडली, ती पिठासारखी सुटली.

"एवढी चांगली जागा," बेलगासेम म्हणाला, "मग इथे कुणीच कसं नाही खोदलं? एक जुनी बखोळसुद्धा नाही. खाली एक ऑलिव्हही नाही."

"कारण त्यांना मी भेटलो नव्हतो," सासी म्हणाला. त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थुंकला. "गोड!"

हेनिया तिथेच खाली बसली आणि दोन्ही तळवे मातीवर टेकले. मिळालं! पाच घरं. तिब्राची खोली पूर्वेला.

दुपारपर्यंत बेलगासेमने माणूसभर उंचीची आणि चार पावलं खोल अशी पहिली खोली खोदली. मग रीतीप्रमाणे सासी आत उकिडवा बसला आणि घरधनिणीने त्याला पहिला घास आपल्या हाताने भरवला. खारट भाकरी, वर ऑलिव्हचं तेल. त्या घासाने घर तिचं होतं आणि खोदणारा त्या घराचा जामीन. सासीचे डोळे भरून आले.

"तुझ्या आईनेही असंच भरवलं होतं," तो म्हणाला.

तेवढ्यात पश्चिमेकडून ढग आले. त्या मुलखात पाऊस वर्षात चार-पाचदा येतो, पण येतो तो सूड घ्यायला आल्यासारखा. वीज कडाडली आणि मागचा सगळा उतार एकदम पांढरा झाला, पाण्याने! खालचा कोरडा ओढा घुमू लागला. तिघं नव्या खोलीत शिरली.

"पहिल्याच दिवशी घराची परीक्षा," बेलगासेम म्हणाला.

वर दगडाच्या झाकणाला कुठेतरी फट असावी. छताला ओल आली. एक थेंब हेनियाच्या फुटलेल्या ओठावर पडला. ओठ झोंबला. तिने जीभ फिरवली.

खारट.

दुसरा थेंब. खारट! तिने भिंतीला बोट लावलं. भिंत बोटावर आली, लापशीसारखी. तिने ते बोट सरळ तोंडात घातलं. रीत मोडली. तोंडभर मीठ!

"बाहेर!" ती किंचाळली. "बेलगासेम, बाहेर पळ!"

तो उडी मारून बाहेर पडला. तीही पडली. सासी उठत होता. आणि छत बसलं! आवाज फार झाला नाही. ओलं पोतं पडावं तसा. चिखलाच्या ढिगातून सासीची छाती, एक हात आणि डोकं वर राहिलं. वरून पाणी येतच होतं. माती विरघळत, सरकत, त्याच्या गळ्याकडे चढत होती.

हेनिया हातांनीच उकरू लागली. उकरता उकरता तिला त्या दोन भाकऱ्या आठवल्या. चाटलेली बोटं आठवली.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या जिभेला चव कधीपासून नाही?"

सासीने तोंड फिरवलं.

"कधीपासून?"

"तापात गेली. तरुण होतो." त्याने चिखल थुंकला. "खोदणाऱ्याची जीभ गेली म्हटल्यावर भाकरी कोण देणार? कानावर चालवलं. कान माझा खरा आहे, हेनिया. कान कधी चुकला नाही."

"माझ्या बापाचं घर त्याआधी खोदलंत की नंतर?"

पाऊस धो धो कोसळत होता.

"नंतर," सासी म्हणाला. "वर्षभराने."

हेनियाचे हात थांबले. ती मागे सरकली आणि टाचांवर बसली. पंचेचाळीस वर्षं. आई. पाळणा. आणि हा माणूस मयताला आला होता, पहिल्या रांगेत उभा होता, देवाची मर्जी म्हणाला होता! चिखल त्याच्या हनुवटीला लागला. तिने तो लागू दिला.

"वहिनी!" बेलगासेम फावडं घेऊन धावत आला. "बघत काय बसलात?"

"थांब," ती म्हणाली. असा आवाज त्याने तिचा कधी ऐकला नव्हता. तो थांबला. ती सासीकडे वाकली. "तापानंतर किती घरं खोदलीत?"

"अकरा."

"आज किती घरांत माणसं राहतात?"

पाणी त्याच्या ओठांपाशी आलं होतं. त्याने मान वर ताणली. "सात... सात घरांत."

"कुठली सात, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"नाही."

हेनियाने बेलगासेमच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.

"म्हणून," ती म्हणाली आणि खणू लागली.

सासी वाचला. डाव्या पायाने मात्र कायमचा अधू झाला. ती टेकडी त्यांनी सोडली. परतीच्या वाटेवर हेनियाने उरलेलं खेचर त्याला बसायला दिलं, पण खेचराचा कासरा आपल्या हातात ठेवला आणि ते नेलं त्या सातही दारांवर. प्रत्येक दारात त्याला उतरायला लावलं. बोलायला लावलं. ती फक्त शेजारी उभी राहायची.

पहिल्या घरात कुणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या घरातल्या म्हातारीने त्याला पाणी विचारलं आणि सगळं ऐकल्यावर पेला परत घेतला. चौथ्या घरातला माणूस अंगावर धावून गेला. सगळीकडे हेनियाने स्वतः भिंतीची माती चाखली. पाच घरं गोड निघाली. दोन खारी होती. त्या दोन घरांतली माणसं त्याच आठवड्यात बाहेर पडली.

सहाव्या दारातून निघताना सासी म्हणाला, "पुरे कर, पोरी. मेलो असतो तर बरं झालं असतं."

"हो," हेनिया म्हणाली. "अजून एक दार आहे."

महिन्याभराने, दोन डोंगर ओलांडून, तिला टेकडी मिळाली. त्या खाऱ्या टेकडीइतकी देखणी नाही. झाकण तिरकं, उतार आखूड, टाकं लहानच होणार. पण खाली सहा म्हातारे ऑलिव्ह उभे होते. सासीने ठोकून ऐकलं, नखाने खरवडलं आणि मग काठीवर रेलून बाजूला उभा राहिला. हेनियाने माती जिभेवर ठेवली. बराच वेळ ठेवली.

"गोड," ती म्हणाली.

पहिली खोली झाली त्या दिवशी पाचही घरची माणसं आली होती. तिब्रा उतारावर बसून ऑलिव्हच्या बियांनी नेम धरत होती. तिचा श्वास वाजत नव्हता. सगळ्यांना रीत ठाऊक होती. सासी आत उकिडवा बसला, गुडघ्यांवर हात ठेवले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

हेनियाने भाकरी मोडली. तेलात बुडवली. घास उचलला.

तो तिने स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश चावून गिळला.

"मीठ बरोबर झालं आहे," ती म्हणाली.

सासीने डोळे उघडले. तोंड मिटलं. मग भिंतीला धरून उठला, कुदळ उलटी केली आणि पुढच्या खोलीची जागा ठोकून ऐकू लागला.