उतारानं दिलेली वीज

उतारावरून गाडी खाली यावी आणि येता येता तिचं रिकामं पोट भरत जावं, असं कुठं घडतं का? मृण्मयीनं ते पाहिलं. आणि तेही चंद्रावर!

तिची आई दगडांचे नमुने आणायला डोंगरावर गेली होती. परतताना चांद्रगाडीची बॅटरी संपत आली. पुढे लांबलचक उतार होता, पण मृण्मयी वाट बघत होती त्या चांद्रतळाजवळ एक छोटा चढ. तेवढ्या चढापुरतीही वीज उरली नव्हती, आणि आईजवळचा प्राणवायू मोजकाच होता. मदतीला धाडायला दुसरी गाडीही नव्हती.

"तात्या, चाकं मोटरपासून सोडवते," बिनतारी यंत्रावर आईचा आवाज आला. "घाटात करतात तशी गाडी नुसती घरंगळू देते. तेवढीच वीज वाचेल."

"अगं, थांब!" तात्या, म्हणजे मृण्मयीचे शास्त्रज्ञ आजोबा, ओरडले. "ती इंजिनाच्या गाडीची खोड इथं नको!"

"पण आजोबा, इंजिन काय नि मोटर काय, एकच ना?" मृण्मयी रडवेली झाली होती.

"चाक दोघंही फिरवतात, बाळा. पण इंजिन स्वतः इंधन जाळतं आणि त्या उष्णतेतून गती काढतं. गाडी कितीही उतरव, जळलेलं डिझेल काही परत येत नाही. मोटर जाळत काहीच नाही, तिला आयती वीज लागते. वीज दिली की ती फिरते. आणि गंमत बघ, बाहेरून तिला फिरवलं, तर तीच आपल्याला वीज देते! तेव्हा ती होते जनित्र (वीज निर्माण करणारं यंत्र)."

"तात्या, कीर्तन आवरा! मी इथं श्वास मोजून घेतेय."

"मग चाकं जोडलेलीच ठेव, मोटरला वीज देऊ नकोस. सावकाश ये!"

गाडी उतरू लागली. चाकं मोटरला फिरवत होती, मोटर गाडीला आवरून धरत होती. मृण्मयीची नजर पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघेवर खिळली होती. रेघ हलली. वाढली! कुणी काही ओतलं नव्हतं, काही पेटवलं नव्हतं. चढताना डोंगरानं जे घेतलं होतं, ते तो परत देत होता.

"सगळं नाही हं, थोडं घर्षणात जातंच," तात्या पुटपुटले. पण त्यांचे हात आपसूक जोडले गेले होते. "पांडुरंगा, काय रे तुझा हिशेब!"

चढ आला. गाडी अडखळली, पुन्हा सरकली आणि वर आली. तळाचं दार उघडलं, तशी मृण्मयी धावत जाऊन आईला बिलगली.

मग ती म्हणाली, "आजोबा, दगडांनी भरलेल्या गाड्या खाली येतील, त्यांच्या विजेवर रिकाम्या गाड्या वर जातील. जमेल ना?"

तात्यांनी तिचा हात धरला. "जमेल की! चल, रूळ कुठून टाकायचे ते दाखव."

तिघं खिडकीपाशी आली. काळ्या आभाळाखाली तो डोंगर तसाच उभा होता. पण मृण्मयीला आता तो नुसता दगडांचा ढीग वाटेना. देण्यासाठी काठोकाठ भरलेला वाटला.