काल्फुमान बोलतोय

दुपार कलली तेव्हा नौकेचं सुकाणू रायेन मियानाओच्या हाती होतं. तिच्या मामाची मासेमारीची होडी सकाळपासून मोचा बेटाकडे बेपत्ता होती आणि तिला शोधायला चिलीच्या नौदलाची गस्ती नौका ‘काल्फुमान’ निघाली होती. नाव मापुचे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जुन्या सरदाराचं. ज्यांच्याशी सरकारच्या पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या, त्यांचीच नावं आता नौकांवर रंगवलेली असत. नामकरणाच्या दिवशी रायेनची आई धक्क्यावर आली होती, पण तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. गेलेल्या माणसाला असं दिवसभर नावानं हाका मारू नयेत, एवढंच ती लेकीला म्हणाली.

बेट जवळ आलं तसं धुकं दाटलं. मेलेली माणसं त्याच बेटावर जातात, हे समोरच्या तिरुआ गावच्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक. इंजिनाचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येऊ लागला. ओल्या शेवाळाचा उग्र वास सुटला. कप्तान बाएसा वायरलेसवर पुन्हा पुन्हा सांगत होते, "काल्फुमान बोलतोय. कुणी ऐकतंय का?"

बऱ्याच वेळानं खरखर थांबली. मापुचे भाषेत, अगदी सावकाश, कुणीतरी म्हणालं, "काल्फुमान मी आहे... तुम्ही कोण?"

कप्तानांना ती भाषा कळेना. रायेनला मात्र शब्द न् शब्द कळला; ती तिच्या आईची भाषा. थोरानं विचारलं की आधी आपलं कूळ सांगायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिनं माइक घेतला.

"मी रायेन, आजोबा. तिरुआच्या मियानाओंची लेक. माझा मामा हरवलाय..."

तिनं माइक ठेवून सुकाणू पुन्हा दोन्ही हातांनी धरलं. ते आपणहून तिच्या हातांखाली वळू लागलं, जाणत्या माणसानं वळवावं तसं शांतपणे.

"मियानाओ, तिकडे खडक आहेत," कप्तान हळूच म्हणाले.

"मी वळवत नाहीये, साहेब..."

तिनं हात काढून घेतले. त्यांनीही सुकाणूला हात लावला नाही. डोक्यावरची टोपी तेवढी काढली.

काळे खडक दोन्ही अंगांनी अगदी चाटून मागे सरकत गेले. पलीकडच्या संथ पाण्यात होडी डुलत होती. मामा कुडकुडत वर चढला आणि भाचीच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

परतीच्या वाटेवर कप्तानांनी बंदराला कळवलं की माणूस सापडला, काल्फुमान परत येतेय.

बंदरावरचा माणूस गोंधळला. "परत काय येताय, साहेब? तुम्ही तर मघाशीच धक्क्याला लागलात. मला खिडकीतून दिसताय की..." तो थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, "पण डेकवर एवढी माणसं कुठून आणलीत?"