पंगतीला बसलेला सेनापती

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात पाहुण्याला आधी देऊळ दाखवत नाहीत, चावडीची भिंत दाखवतात. महायुद्धाच्या काळात, बेचाळीसच्या पोळ्याला, बन्सीलाल पेंटरनं तिच्यावर एक परदेशी सेनापती काढला. छातीभर बिल्ले, पायात बूट तसेच ठेवून पंगतीत बसलेला. पुढ्यात केळीच्या पानावर अख्खी पृथ्वी वाढलेली. जबडा गुहेएवढा आणि हात तान्ह्या पोराचे, पानाच्या चार बोटं अलीकडेच संपलेले.

"जग त्याले भ्याये, आम्ही त्याले उपाशी बसाडं," बन्सीलालची सून यशोदाबाई सांगते आणि पदर सावरते, जणू वाढायला हिनंच नकार दिला होता.

दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग ती चित्राला लावायची. सासऱ्यानं घालून दिलेला शिरस्ता होता: आधी हात आणि पान यांच्यामध्ये चार बोटं धरून बघायची. कमी भरली, तर हात तेवढा चुन्यानं पुसून मागं घ्यायचा. पन्नास पोळ्यांत ती चार बोटं एकदाही पुरी भरली नाहीत. भिंतीला ओल धरते, चुना फुगतो, असं यशोदाबाईनं ठरवून टाकलं होतं. कारण सापडलं की ती भीतीला पाट देत नसे.

मग रस्ता रुंद व्हायची वेळ आली. चावडी पडणार होती. चित्र मूळचं ठरलं, तरच भिंत वाचणार होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याहून ललित नावाचा अधिकारी आला, जुना फोटो घेऊन. त्यानं फोटो भिंतीशी धरला, फूटपट्टी लावली.

"हुबेहूब आहे, अक्का. यावर नंतर कुणी ब्रश चालवलाय?"

हो म्हटलं, तर भिंत गेली.

"कोन्ही नही, भाऊ. मना सासरानी जसं काढं, तसंच शे."

शेजारचे उखर्डू आबा मागून हसत म्हणाले, "भुक्या मानूस पंगतमाईन लवकर उठस का?"

ललित हसला. त्यानं लिहून घेतलं.

चावडी वाचली. रस्त्यानं वळण घेतलं, गावानं पेढे वाटले, यशोदाबाईला शाल मिळाली. भिंतीपुढे लोखंडी जाळी बसली. कुलूप लागलं, किल्ली धुळ्याला गेली. पाटी लागली: चित्रास स्पर्श करण्यास सक्त मनाई.

पुढच्या पोळ्याला ती रंगाची वाटी घेऊन जाळीबाहेर उभी राहिली.

सेनापतीची बोटं पानाच्या कडेला टेकली होती.

"आते काय करशी, वहिनी?" आबांनी विचारलं. या वेळी ते हसले नाहीत.

तिनं ललितला फोन लावला.

"चित्र कुठं सरकतं का, अक्का? आणि कुणी हात लावत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

तिनं फोन ठेवला. पाहुणे येतच होते. ती चित्राची गोष्ट सांगतच होती, मान ताठ ठेवून; फक्त भिंतीकडे पाठ करून.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती जाळीपाशी वाकली. पानावर मीठ वाढतात, त्या कोपऱ्यातली पृथ्वी गेली होती, तिथं पान कोरं होतं. चुना कुठं उडाला नव्हता.

जोत्यापासून मुंग्यांची रांग भिंतीवर चढत होती. पानाला वळसा घालून ती आणखी वर गेली होती, सेनापतीच्या ओठाच्या कडेपर्यंत.