एकेचाळीस नंबरचा खण

महनूर दारातूनच बोलायला लागली. "पाचपर्यंत आल्बम नाही दिला, तर वाचनालयवाले पोलिसांत देतो म्हणतात, ताई. चोरीची केस लागली, की माझी पोलीस भरती गेलीच नं!"

खासगी तपासनीस धम्मशीलानं हातातला चहा तसाच ठेवला. तीन वर्षं तिच्यासोबत हिंडणारे निवृत्त एसटी ड्रायव्हर शंकरराव समजले, आज कुणाची तरी खैर नाही.

मलकापुरातल्या त्या वाचनालयाच्या दाराशी चपलांसाठी सभासदांच्या नंबरांचे खण होते. महनूरनं चपला खालीच काढल्या. "माझ्या एकेचाळीसमध्ये रोज कोणाचे तरी बूट राह्यतात," ती पुटपुटली. आजही होते, काळे, चकचकीत.

लिपिक राजकुमारनं स्क्रीन वळवली. "हे पाहा. कापूसबाजाराच्या जुन्या फोटोंचा आल्बम. बारा मार्च. नेणारी महनूर. कॉम्प्युटर खोटं बोलते का?"

"तू सभासद कधी झाली?" धम्मशीलानं विचारलं.

"यंदा, बारावीचा निकाल लागल्यावर."

"सोंगं आहेत सगळी!" सचिव उकंडराव आतून गरजत आले.

धम्मशीलानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "राजकुमार, सभासद गेला तर त्याच्या नंबराचं काय करता?"

"वाया काऊन घालवायचा? दुसऱ्याले देतो. एक नंबरवाले मास्तर वारले, तो मे महिन्यात या सचिवसाहेबांनी घेतला."

शंकररावांना काही उमगेना. पोरीचा पडलेला चेहरा पाहून त्यांचं डोकं मात्र तापलं होतं.

"काका, यात दोन तक्ते आहेत," धम्मशीला कडाडली. "एकात सभासदाचा नंबर अन् नाव. दुसऱ्यात पुस्तक, तारीख अन् नुसता नंबर. स्क्रीनवरचं नाव त्या नंबरावरून पहिल्या तक्त्यातून येते. म्हणून एकदा दिलेला नंबर दुसऱ्याले द्यायचाच नसते! यांनी जुना एकेचाळीस महनूरले दिला, अन् मार्चात नेलेला आल्बम हिच्या नावावर आला. मार्चात ही सभासदच नव्हती. बारावीचा निकाल मे महिन्यात लागते!"

"मग तेव्हा एकेचाळीस कोण होतं?" शंकररावांनी विचारलं.

"ज्याची जुन्या खणाची सवय गेली नाही तो. मे महिन्यात नंबर कोणी बदलला? ते बूट कोणाचे?"

राजकुमारनं उकंडरावांच्या मोज्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आल्बम घरी आहे," उकंडराव कसंबसं म्हणाले. "पाहुण्यांले दाखवायले नेला होता. कॉम्प्युटरनं हिचं नाव दाखवलं, मग... गप बसलो."

"गप?" शंकरराव ओरडले. "पोरीवर पोलीस घालत होते तुम्ही! माफी मागा. इथंच, सगळ्यांसमोर."

वाचणाऱ्यांनी पुस्तकं मिटली. उकंडरावांनी हात जोडले.

 महनूर राजकुमारकडे वळली. "मले असा नंबर द्या, जो कोणालेच दिला नाही."

दोनशे तेरा. तिनं त्या कोऱ्या खणात चपला ठेवल्या आणि अभ्यासाला बसली.